लॅटिनची फ्रेंच-इटालियन कधी झाली? आणि रोमान्स भाषांवर संशोधन करायला आता उरलंय तरी काय?

मृण्मयी_द
माझी भाची रानडे इन्स्टिट्यूटला स्पॅनिश शिकली, आता तिला युरोपात जाऊन रोमान्स भाषाशास्त्रात (लॅटिनमधून आलेल्या भाषांना रोमान्स म्हणतात) मास्टर्स करायचंय आणि जमलं तर पुढे पीएचडी. घरात यावरून बरीच चर्चा चाललीय. तिच्या बाबांचं म्हणणं असं की लॅटिनची व्याकरणं आहेत, कोश आहेत, आणि फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमेनियन या सगळ्या आज बोलल्या जातात, म्हणजे आईही माहिती आणि मुलीही माहिती, मग शोधायचं काय? मी थोडं वाचलं तर जर्मनीत बॉन विद्यापीठात फ्रीडरिश डीत्स यांनी १८३६ पासून तीन खंडांत रोमान्स भाषांचं तुलनात्मक व्याकरण लिहिलं, म्हणजे या कामाला जवळपास दोनशे वर्षं होत आली. इथे भाषावाली मंडळी बरीच आहेत म्हणून विचारते. मलाही मनापासून समजून घ्यायचंय, फक्त करियरचा प्रश्न नाही.

चिंतू_दादरकर
वाचतोय. भावोजींचा प्रश्न रास्त वाटतो.

प्राकृतवाला
प्रश्न रास्त आहे पण त्यातलं एक गृहीतकच धरून चालत नाही, 'आई माहिती आहे' हे. आपल्याला माहिती आहे ती सिसेरोची, शाळेतली, पुस्तकातली लॅटिन. आजच्या भाषा त्या लॅटिनमधून सरळ आलेल्या नाहीत, बाजारात, सैन्यात, स्वयंपाकघरात जे बोललं जायचं त्यातून आल्यात, आणि ते बोलणं लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

एकच उदाहरण बघा. पुस्तकी लॅटिनमध्ये घोडा म्हणजे 'एक्वुस'. पण इटालियन 'काव्हाल्लो', फ्रेंच 'शव्हाल', स्पॅनिश 'काबाय्यो', रोमेनियन 'काल', हे सगळे 'कबाल्लुस'मधून आले, जो मुळात ओझ्याच्या साध्या घोड्याला वापरायचा शब्द. आपल्याकडे हुबेहूब हेच झालंय, 'अश्व' पोथीत राहिला आणि बोलण्यात 'घोटक'वरून आलेला 'घोडा'. गंमत म्हणजे 'एक्वुस'ची मादी 'एक्वा' मात्र टिकली, स्पॅनिशमध्ये घोडी म्हणजे अजूनही 'येग्वा' आणि रोमेनियनमध्ये 'यापा'. घोड्याचा शब्द बदलला, घोडीचा नाही, असं का झालं यावर लोक अजून काम करतात.

मग बोलीभाषेचा पुरावा कुठून आणायचा? पाँपेई या जुन्या रोमन शहराच्या भिंतींवरून. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं म्हणून ते लिखाण वाचलं. तिथे एकाने 'अमात' (प्रेम करतो) ऐवजी सरळ 'अमा' लिहिलंय, शेवटचा त गायब, म्हणजे आजच्या इटालियनसारखंच. आणि दुसरा पुरावा म्हणजे 'अपेंडिक्स प्रोबी' नावाची यादी, २२७ नोंदी, कुणा पंतोजीने केलेली, 'असं म्हणा, तसं म्हणू नका' छापाची. 'स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको', 'कालिदा म्हणा, काल्दा नको', 'औरिस म्हणा, ओरिक्ला नको'. इटालियनमध्ये आज गरम म्हणजे 'काल्दो' आणि कान म्हणजे 'ओरेक्किओ'. पंतोजींनी जे जे चूक म्हणून लिहून ठेवलं, बहुतेक तेच पुढे टिकलं.

गोगलगाय
शाळेत 'आनी-पानी' म्हटलं म्हणून छडी खाल्लेल्या सगळ्यांतर्फे त्या पंतोजींना नमस्कार :)

अदिती_इटलीहून
प्राकृतवाला यांनी फार छान सांगितलंय. मी इथे इटलीत याच विषयात शिकतेय, थोडी भर घालते.

मृण्मयीताई, 'कधी झाली' या तुमच्या प्रश्नावर तर गेली चाळीसेक वर्षं रीतसर वाद चालू आहे. लिव्हरपूलचे रॉजर राइट यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहून असं मांडलं की नवव्या शतकापूर्वी 'लॅटिन' आणि 'रोमान्स' अशा दोन भाषा लोकांच्या डोक्यात नव्हत्याच. लिहायचे जुन्या स्पेलिंगने आणि वाचताना उच्चार आपल्या बोलीचा करायचे. हे आपल्याला समजायला अगदी सोपं आहे. आपण 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो, 'ज्ञान' लिहून 'द्न्यान' वाचतो, हिंदीवाला तेच 'ग्यान' वाचतो, 'ऋषी'चा उच्चार 'रुषी' करतो आणि आपण संस्कृत चुकीचं वाचतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. आता कल्पना करा की परमुलखातून एक विद्वान आला, ज्याच्या घरी ही भाषा कुणी बोलतच नव्हतं, तो ती फक्त पुस्तकातून शिकला, आणि त्याने हुकूम काढला की जे अक्षर लिहिलंय त्याचाच उच्चार झाला पाहिजे. राइट म्हणतात, फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात नेमकं हे झालं. यॉर्कचा आल्कुइन ७८२ च्या सुमारास तिथे आला, इंग्लंडात लॅटिन परकी भाषा म्हणून अक्षर-अक्षर वाचायची पद्धत होती, ती त्याने आणली. चर्चमध्ये त्या उच्चारात प्रवचन वाचायला लागल्यावर फ्रान्सच्या लोकांना काही कळेना. मग ८१३ मध्ये तूर इथे धर्मपरिषदेला ठरवावं लागलं की प्रवचनं 'रुस्तिका रोमाना लिंग्वा'त, म्हणजे गावठी रोमन भाषेत, किंवा जर्मानिक बोलीत सांगा.

म्हणजे लॅटिन कधी 'मेली' वगैरे काही नाही, उच्चार बदलायला लावले आणि त्यामुळे एका भाषेच्या दोन दिसायला लागल्या. हे वाचलं तेव्हा माझा तर या विषयाकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला.

सुहास_जर्मनीकर
राइट यांचं मांडणं देखणं आहे पण ते सगळ्यांनी मान्य केलेलं नाही हेही सांगायला हवं. फक्त एका सुधारणेमुळे लोकांना कळेनासं झालं असं म्हटलं तर त्याआधी शंभर वर्षं काय परिस्थिती होती? फ्रान्सच्याच मिशेल बानियार यांनी १९९२ च्या ग्रंथात वेगळा प्रश्न विचारला, न शिकलेल्या माणसाला मोठ्याने वाचलेलं लॅटिन कधीपर्यंत समजत होतं? त्यांनी साधुसंतांची चरित्रं, बिशपांची पत्रं असं सगळं चाळून काढलं आणि त्यांचं उत्तर असं की हे प्रांताप्रांताप्रमाणे वेगळं आहे, उत्तर फ्रान्समध्ये आठव्या शतकाच्या उत्तरार्धात संपर्क तुटला, स्पेन-इटलीत त्यानंतर. म्हणजे हुकूम निघाला तेव्हा भिंतीला तडा आधीच गेलेला होता.

आणि १४ फेब्रुवारी ८४२ ची स्ट्रासबर्गची शपथ विसरू नका. शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, तिसऱ्या भावाविरुद्ध एक झाले. लुई जर्मन प्रदेशाचा राजा असून त्याने शपथ रोमान्समध्ये घेतली, चार्ल्सच्या सैनिकांना कळावी म्हणून, आणि चार्ल्सने जर्मनमध्ये. 'प्रो देओ आमुर' अशी सुरुवात आहे, ना धड लॅटिन ना धड फ्रेंच. पण हा मजकूर निटहार्ट नावाच्या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे आणि आपल्या हातात आहे ती त्या ग्रंथाची दीडेकशे वर्षांनंतरची नक्कल. नक्कल करणाऱ्याने किती बदललं, कोणत्या प्रांताची बोली आहे ही, यावर ढीगभर लिहिलं गेलंय तरी एकमत नाही. भावोजींना सांगा, एका परिच्छेदावर लोकांची आयुष्यं गेलीत.

चिंतू_दादरकर
आपल्याकडे 'श्रीचावुण्डराजें करवियलें'च्या तिथीवर जसे वाद आहेत तसंच झालं की हे.

प्राकृतवाला
चिंतूशेठ, बरोब्बर. आणि इटालियनचं पहिलं वाक्य तर जमिनीच्या दाव्यातलं आहे. ९६० साली कापुआ इथे माँते कासिनो मठाच्या जमिनीचा खटला चालला, न्यायालयाचा सगळा कागद लॅटिनमध्ये, पण साक्षीदारांचं वाक्य त्यांच्या बोलीत लिहून घेतलं, 'साओ को केल्ले तेर्रे...', मला ठाऊक आहे की त्या जमिनी, त्या हद्दींसकट, तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या लोकांच्या कब्जात होत्या. आपल्याकडचेही जुने लेख दान, जमीन आणि 'जो हे मोडील त्याला शाप' असेच. जमिनीच्या बाबतीत मात्र लोकांना कळेल अशा भाषेतच लिहावं लागतं.

माधवी_गो
एक बाळबोध प्रश्न. संस्कृतात तीन लिंगं, मराठीत तीन, हिंदीत दोनच. लॅटिनमध्येही तीन होती ना? फ्रेंचमध्ये दोनच शिकवली आम्हाला.

अदिती_इटलीहून
माधवीताई, अजिबात बाळबोध नाही. लॅटिनचं नपुंसकलिंग बहुतेक मुलींनी टाकून दिलं. पण टाकताना मजेशीर अवशेष ठेवले. रोमेनियनमध्ये अजूनही एक मोठा गट आहे ज्यातली नामं एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी चालतात. इटालियनमध्येही 'ब्राच्चो' म्हणजे हात, पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन 'ब्राच्चा', स्त्रीलिंगी. कारण लॅटिन नपुंसकलिंगाच्या अनेकवचनाचा शेवट 'आ' होता आणि लोकांना तो स्त्रीलिंगी एकवचनासारखा ऐकू आला. रोमेनियनचा हा गट खरंच तिसरं लिंग मानायचा की दोन लिंगांची मिसळ, यावर आजही पेपर निघतात. मराठी, कोकणी, गुजराती या तिघींनी तिन्ही लिंगं धरून ठेवली, त्यामुळे मराठी माणसाला हा प्रश्न आतून कळतो, हिंदीवाल्या मैत्रिणीला समजावायला मला जास्त वेळ लागला.

सुहास_जर्मनीकर
भविष्यकाळाचीही अशीच कथा. लॅटिनमध्ये 'देईन' म्हणजे 'दाबो'. हे रूप सगळीकडून नाहीसं झालं आणि त्याजागी बऱ्याच ठिकाणी 'दारे हाबेओ', म्हणजे 'मला द्यायचं आहे', असं दोन शब्दांचं रूप आलं आणि पुढे ते दोन शब्द एकमेकांना चिकटले. चिकटलेलं रूप पहिल्यांदा कुठे दिसतं तर सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या बखरीत. पर्शियाचा राजा जस्टिनियनला म्हणतो 'नोन दाबो', देणार नाही, आणि जस्टिनियन उत्तर देतो 'दारास', देशील! आणि त्यावरून म्हणे दारास गावाला नाव पडलं. गावाच्या नावाची व्युत्पत्ती अर्थातच रचलेली, पण ती रचण्यासाठी लिहिणाऱ्याच्या कानात 'दारास' हे रूप असावंच लागतं. पोर्तुगीजमध्ये तर हे दोन तुकडे आजही वेगळे करता येतात, 'दार-ल्य-एइ', त्याला देईन, 'त्याला' मध्ये घुसवून.

नाना_वसईकर
पोर्तुगीजचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं कुणी बोलत नाही. पगार, चावी, लिलाव, परात, घमेलं, पाव, बटाटा, हापूस. वसईला तर घराघरात.

गोगलगाय
घमेलं पण?? घमेलं अस्सल देशी वाटायचं मला.

नाना_वसईकर
हो, 'गामेला'. गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो, धर्मगुरू होते, पुढे लिस्बनला संस्कृत शिकवायचे, त्यांनी १९१३ मध्ये आशियातल्या भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याआधी १८९३ मध्ये कोकणी-पोर्तुगीज कोश. या माणसाचं नाव आपल्याकडे शाळेत यायला हवं होतं असं मला फार वाटतं.

प्राकृतवाला
नाना, दाल्गादोंबद्दल शंभर टक्के सहमत. पण उसने शब्द ही एक गोष्ट आणि वंश ही दुसरी. मराठीत हजार पोर्तुगीज शब्द असले तरी मराठी रोमान्स होत नाही. तुमच्या उत्तर कोकणातलं याहून मोठं प्रकरण वेगळंच आहे, कोर्लई!

नाना_वसईकर
त्याच्याकडेच येत होतो! ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती आहे, तिथले लोक घरात मराठी नाही तर पोर्तुगीजपासून झालेली क्रिओल, म्हणजे दोन भाषांच्या संपर्कातून तयार झालेली नवी बोली, बोलतात, 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले आणि भाषा मागे राहिली. इंडियाना विद्यापीठाच्या क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिथे राहून काम केलं आणि १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. शब्द पोर्तुगीज पण वाक्याची ठेवण मराठीकडे झुकलेली, क्रियापद शेवटी. आम्ही एकदा किल्ला बघायला गेलो तेव्हा दोन मावश्या जाळ्याजवळ बसून बोलत होत्या, मला शब्द ओळखीचे लागत होते पण वाक्य हाताला लागत नव्हतं, तिथेच थांबून ऐकत राहिलो.

सुहास_जर्मनीकर
इथे थोडा विरोध नोंदवतो. क्रिओलला रोमान्स भाषा म्हणायचं का हे ठरलेलं नाही. बरेच अभ्यासक म्हणतात की क्रिओलचं व्याकरण आईकडून पिढ्यानपिढ्या झिरपत आलेलं नसतं, तिथे मध्ये तुटलेलं असतं, म्हणून ती वेगळीच मोजायची.

अदिती_इटलीहून
सुहासदादा, पण 'तुटलेलं' म्हणायचा निकष काय? फ्रेंचमध्येही बोलणारे बदलले, गॉलचे (आजच्या फ्रान्सचे) लोक आपली केल्टिक भाषा सोडून लॅटिनकडे आले, नंतर फ्रँक आले. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या हुगो शुखार्ट यांनी १८८० च्या दशकातच कोचीन, दीव, मंगळूर इथल्या इंडो-पोर्तुगीजवर लेख लिहिले, आणि हे गृहस्थ त्याआधी बोली लॅटिनच्या स्वरांवर तीन खंड लिहून बसलेले. भारतात एकदाही न येता पाद्री, अधिकारी, जो भेटेल त्याला पत्रं लिहून त्यांनी नमुने मागवले. ती पत्रं आजही ग्राझला जपून ठेवलीत आणि इंटरनेटवर वाचता येतात. शुखार्टना क्रिओल हे रोमान्स अभ्यासाच्या बाहेरचं कधीच वाटलं नाही आणि मला त्यांचंच पटतं.

खारवी
या सगळ्यात गावागावात जाऊन काम करणारे लोक होते का? की सगळे पत्रंच लिहायचे?

प्राकृतवाला
होते ना! एदमाँ एदमों. उत्तर फ्रान्समधल्या सँ-पोल गावचा किराणा दुकानदार, कान अतिशय तीक्ष्ण. झ्यूल झिलिएराँ नावाच्या पॅरिसच्या प्राध्यापकांनी त्याला प्रश्नावली दिली आणि १८९७ ते १९०१ मध्ये तो ६३९ गावं फिरला, बराचसा सायकलवर. नियम एकच, माणसाने पहिलं जे उत्तर दिलं ते जसं ऐकलं तसं लिहायचं, सुधारायचं नाही. त्यातून १९०२ ते १९१० मध्ये फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह निघाला, प्रत्येक कल्पनेसाठी एक नकाशा.

त्यातलं नैऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीचं प्रकरण मी कुणालाही सांगतो. तिथल्या बोलीत शब्दाच्या शेवटच्या 'ल्ल'चा 'त' होतो. त्या नियमाने 'गाल्लुस' म्हणजे कोंबडा, त्याचा झाला 'गात'. आणि मांजर तर आधीपासून 'गात'च! म्हणजे घरात येऊन कुणी ओरडलं की 'गात'ने घोळ केला, तर कोंबड्याने की मांजराने? शेतकऱ्याच्या घरात हे चालण्यासारखं नव्हतं. मग लोकांनी कोंबड्याला कुठे 'फेझंट' या रानपक्ष्याचं नाव दिलं आणि कुठे 'बेगे', जे लॅटिन 'विकारिउस'मधून आलं, म्हणजे हाताखालचा अधिकारी. आणि नकाशावर बघितलं तर कोंबड्याची ही नवी नावं बरोबर तिथेच सापडतात जिथे 'ल्ल'चा 'त' झालाय. रेषा रेषेला लागून. आवाज बदलतो तेव्हा शब्दकोशात कुठे भोक पडतं हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

गोगलगाय
पहाटे ओरडून सगळ्यांना कामाला लावतो म्हणून अधिकारी, बरोबर नाव आहे :)

मृण्मयी_द
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री भाचीच्या बाबांना फोनवर कोंबड्याचं वाचून दाखवलं, ते म्हणाले पुढचं वाच. आता त्यांचा नवा प्रश्न आहे, की हे सगळं जुनं झालं, आज विद्यापीठांत काय चालतं? आणि कुठली भाषा लॅटिनला सगळ्यात जवळची?

खारवी
भाषाशास्त्रज्ञ मारिओ पेई यांचे आकडे आहेत ना १९४९ चे. लॅटिनपासून अंतर सार्डिनियन (इटलीच्या सार्डिनिया बेटावरची) ८ टक्के, इटालियन १२, स्पॅनिश २०, पोर्तुगीज ३१, फ्रेंच ४४.

सुहास_जर्मनीकर
खारवी, ते आकडे सगळीकडे फिरतात पण पेईंनी फक्त आघात असलेले स्वर मोजले होते. व्याकरण नाही, शब्द नाहीत, व्यंजनंही नाहीत. सार्डिनियन मात्र खरोखर थक्क करणारी आहे, शंभरला लॅटिनमध्ये 'केंतुम', इटालियनने त्याचा 'चेंतो' केला, फ्रेंचने 'साँ', आणि सार्डिनियात अजून 'केंतु'. रोमेनियनने तर स्लाव्ह भाषेतून 'सुता' उचलला. पण रोमेनियनमध्ये विभक्तीचे अवशेष आहेत जे सार्डिनियनमध्ये नाहीत. त्यामुळे 'जवळची' म्हणजे कशात, हे आधी सांगावं लागतं.

अदिती_इटलीहून
मृण्मयीताई, आजचं सांगते. एक मोठा प्रकल्प आहे डेरोम, २००८ पासून, फ्रान्सचं नान्सी आणि जर्मनीचं सारलँड इथून सुरू झालेला, एव्हा बूखी आणि वोल्फगांग श्वाइकार्ड यांचा. त्यांनी ठरवलं की लॅटिन बाजूला ठेवा, ती माहितीच नाही असं समजा, आणि फक्त आजच्या बोलींवरून मूळ भाषा परत बांधा, जशी आपण लिखित पुरावा नसलेल्या भाषांची बांधतो. मग जे हाती येईल ते लिखित लॅटिनशी ताडून बघा. इटलीचे आल्बेर्तो व्हार्व्हारो यांनी त्यावर कडाडून टीका केली, हाताशी एवढे कागद असताना डोळे का मिटायचे म्हणून. मला दोन्ही बाजू पटतात पण शिकायला मिळतं ते या भांडणातून. भावोजींच्या 'आईही माहिती मुलीही माहिती'चं उत्तर हेच आहे, आई दोन निघाल्या, एक लिहिलेली आणि एक बोललेली, आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत.

दुसरं म्हणजे लॅटिनचे अभ्यासक जे. एन. ॲडम्स यांचं काम. इंग्लंडच्या सीमेवरच्या रोमन छावणीतल्या लाकडी पाट्या, इजिप्तमधल्या सैनिकाने घरी लिहिलेली पत्रं, बाथच्या कुंडात टाकलेल्या शिशाच्या शाप-पट्ट्या, असं सगळं वाचून त्यांनी लॅटिन प्रांताप्रांतात कशी वेगळी होती हे २००७ च्या पुस्तकात मांडलं. नवीन पाट्या अजून जमिनीतून निघतात, म्हणजे साहित्य संपलेलं नाही.

तिसरं तातडीचं आहे. १८९७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मात्तेओ बार्तोली आजच्या क्रोएशियातल्या क्रक बेटावर तुओने उदाइना यांच्याकडे बसले, डाल्मेशियन ही रोमान्स भाषा थोडीफार येणारा तो शेवटचा माणूस. म्हातारा, बहिरा, दात पडलेले, आणि त्याचीही ती पहिली भाषा नव्हती, घरातल्या मोठ्यांचं बोलणं ऐकून ऐकून आलेली, वीसेक वर्षांत कुणाशी बोललेलाही नाही. पुढच्याच वर्षी जूनमध्ये एका स्फोटात तो गेला. एका अख्ख्या भाषेबद्दल आपल्याला जे माहिती आहे त्यातलं बरंचसं त्या एकट्याच्या आठवणीवर उभं आहे. आज क्रोएशियातली इस्ट्रो-रोमेनियन बोलणारे काहीशेच उरलेत. पुढच्या पिढीला बार्तोलीसारखं एकाच म्हाताऱ्याकडून सगळं काढून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून आत्ता माणसं हवीत. तुमच्या भाचीला सांगा, या.

प्राकृतवाला
आणि तिला झ्यूल ब्लॉक वाचायला सांगा, निघायच्या आधी. मराठीचा ध्वनी आणि रूपांचा इतिहास पॅरिसच्या या माणसाने फ्रेंचमध्ये लिहिला, १९२० मध्ये, आणि वा. गो. परांजप्यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. पद्धत तीच, जी लॅटिन-फ्रेंचवर घासून पक्की झाली होती. स्वतःच्या भाषेवर ती कशी चालते हे एकदा बघितलं की रोमान्सच्या पुस्तकात शिरणं सोपं जातं.

माधवी_गो
नाना, कोर्लईचं एक राहिलं. क्रियापद शेवटी जाणं हे पहिल्यापासून होतं की चौल मराठ्यांकडे आल्यानंतर?

नाना_वसईकर
माधवीताई, क्लेमेंट्स यांचं म्हणणं की ते हळूहळू मराठीच्या शेजाराने सरकलं. त्याला ताडून बघायला दमण आणि दीव आहेत. तिथे पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत राहिली, शाळा-कचेऱ्या पोर्तुगीज, आणि तिथल्या क्रिओलमध्ये क्रियापद अजून मध्येच आहे, पोर्तुगीजसारखं. मूळ तीच भाषा, शेजार वेगळा. कोर्लई ते दमण एका दिवसाचा प्रवास आहे, मराठी येणाऱ्या आणि पोर्तुगीज शिकलेल्या पोरीने दोन्हीकडे जाऊन रेकॉर्डिंग केलं तर युरोपातल्या कुठल्याही प्राध्यापकाला ते हवंच असेल.

मृण्मयी_द
नाना, हे तिला आत्ताच पाठवते. पोर्तुगीज तिला अजून येत नाही, पण स्पॅनिशवरून किती वेळ लागेल?